फोनवर बंद, पेटीत चालू

६ जानेवारी, मंगळवार

कंपनीला आज चौथ्यांदा फोन लावला. वीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एक पोरगी गोड आवाजात, "सर, ॲप अपडेट करून बघा." अगं बाई, अपडेट आलं असतं तर तुला कशाला फोन केला असता? तुमच्याच फोनवर तुमच्याच ॲपचं अपडेट पोळ्यापासून आलेलं न्हाई. उघडून बघितलं की लिहून येतंय, 'आपण नवीनतम आवृत्ती वापरत आहात'. नवीनतम म्हणे! डोक्यात दगड घालावा वाटला, पण फोनमधून कुणाच्या डोक्यात घालणार.

दोन वर्षांपूर्वी हा फोन गावाला मीच घ्यायला लावला. शेतातल्या मोटारीची स्टार्टर पेटी कंपनीची, फोन कंपनीचा, फोनमधलं सगळं चालवणारी यंत्रणाबी कंपनीची स्वतःची. दुसऱ्या कुणाचा संबंध न्हाई. ताडकळसच्या बाजारात टेबल टाकून घसा फाटस्तोवर सांगितलं, "सगळं एकाच घरातलं, बिघडलं तर एकाच घरी जायचं." आमच्या झरी गावात आणि आजूबाजूला चाळीसेक पेट्या माझ्या हातानं बसवल्या. फोनवर बटन दाबा, मोटार चालू. ऑटोवर ठेवा, थ्री फेज लाईट आली की आपोआप चालू. लोकांचं अवेळी शेतात पळणं बंद झालं. 'मन्मथ मोटारवाला' असं नाव झालं.

दुकानात वाइंडिंगच्या तीन मोटारी उघड्या पडल्यात. हात लावायची इच्छा न्हाई.

८ जानेवारी, गुरुवार

उमाचा फोन दुसऱ्या कंपनीचा. तिच्या भावानं दिलेला. आज सहज त्याच्यावर आपलं पेटीचं ॲप घातलं, आणि बघतच राहिलो. परक्याच्या फोनवर आमच्या कंपनीचं ॲप नवंकोरं. आठ दिवसांपूर्वीचं अपडेट. मराठी नीट, अक्षरं मोठी. आणि स्वतःच्या फोनवर पोळ्याचं शिळं.

मग दुकानातली एक पेटी टेबलावर घेतली, तिचं सिम काढून ठेवलं. आता पेटीला कुठलाच हुकूम ऐकू जाणार न्हाई. दोन्ही फोनवरून 'ऑटो बंद' दाबलं.

उमाच्या फोनवर लाल पट्टी आली. 'पेटीकडून उत्तर आले नाही. मोटार सुरू होऊ शकते.'

माझ्या फोनवर हिरवं. 'बंद.'

तीनदा केलं, तीनदा हिरवं. म्हंजे बोट टेकलं की हे हिरवं होतंय. पेटीनं ऐकलं का न्हाई याची विचारपूसच करत न्हाई. परक्या फोनवर चूक दुरुस्त केली आणि घरच्याला तशीच ठेवली, हरामखोरांनी.

उमा म्हणली, "अहो, मग लोकांना सांगा की आजच."

सांगतो म्हणलं. संक्रांत होऊ दे. आत्ता सांगितलं तर चाळीस माणसं पेट्या उपटून आणून माझ्या टाळक्यात घालतील. तोवर कंपनीला फोटो काढून पाठवले. आठवड्यात दुरुस्त करतील. एवढी मोठी कंपनी हाय.

१० जानेवारी, शनिवार

कं.चं उत्तर आलं. 'आपली विनंती नोंदवण्यात आली आहे.' मी कुठं विनंती केली? शिव्या लिहिल्या होत्या.

दुपारी दाजी आले दुकानावर. दाजी म्हंजे अक्काचे मालक, महारुद्रअप्पा. बाजारला निघाले होते. नेहमीसारखा फोन वर धरून, दुकानात बसलेल्यांना दाखवायलेत, "हे बघा, मी हितं बसून मोटार बंद केली." कंपनीनं पगार देऊन माणूस ठेवला असता तरी एवढं केलं नसतं.

तोंडापर्यंत आलं होतं. एवढंच म्हणलो, "दाजी, मशिनीत हात घालायच्या आधी फ्यूज काढत जावा."

ते हसले. "तूच शिकवलंस की, फोनवर हिरवं दिसलं म्हंजे बिनधास्त. आता पुन्हा पेटीपर्यंत चालत जाऊ? मग फोन कशाला घेतला?"

चहा मागवला. विषय बदलला. अक्काला तीळ लागतात का विचारलं.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी.

दाजींचा उजवा हात गेला. मनगटाच्या वर चार बोटं.

१४ जानेवारी, बुधवार

परभणीला दवाखान्यात. व्हरांड्यात बसून लिहायलोय. काल काय झालं ते एकदा लिहून काढतो, न्हाईतर डोकं फुटंल.

दाजींच्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी, बैलांसाठी उसाचं वाढं कापायची कडबा कुट्टी हाय. तिची मोटार मीच पंपाच्या पेटीवरून जोडून दिली. लाईट गेलेली होती, तिच्यासंगं टॉवरची रेंजबी. वाढ्याचा गुंता रोलरमध्ये अडकला होता. दाजींनी फोन काढला, ऑटो बंद केलं, हिरवं आलं. खिशात फोन ठेवला, हात घातला. लाईट आली.

अक्का भाकरी घेऊन बांधावर आलेली. ती म्हणते, आधी मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, मग ह्यांचा आला. खांद्यापर्यंत ओढत होती मशीन. फ्यूज कुठं असतो तिला ठाऊक न्हाई. कुदळ उचलली आणि पेटी फोडली. तीन घाव. तिसऱ्या घावाला बंद पडली. चौथा लागला असता तर शॉक बसून ती बी गेली असती.

मी पोचलो तेव्हा कापलेल्या वाढ्याचा ढीग लाल झालेला. बैल त्याच्याकडं तोंड करीनात. दाजींच्या खिशातला फोन अजून चालू होता. मी बघितला. हिरवं.

अक्कानं आत्ता विचारलं. "हे म्हणायलेत, फोनवर बंद दाखवत होतं. असं होतंय का रे मन्मथ?"

"होतंय."

"तुला ठाऊक होतं?"

मी म्हणलं, डॉक्टरांना भेटून येतो. खाली आलो. वर जायची हिंमत होईना.

१५ जानेवारी, गुरुवार

दुकान उघडलं. विक्रीला ठेवलेले कं.चे सात फोन कपाटातून काढले. ऐरणीवर एकेक ठेवला आणि मोठा हातोडा घातला. पहिल्याची काच डोळ्याखाली उडून लागली. रक्त पुसलं न्हाई. सातवा झाल्यावर स्वतःचा ठेवला. तो एका घावात फुटला न्हाई, चार लागले. मजबूत बनवलाय भाडखाऊंनी. पत्रा मजबूत, आतलं वाऱ्यावर.

शेजारचे येऊन दारात उभे राहिले, पण आत कुणी आलं न्हाई.

उमानं झाडून गोळा केलं.  शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी, शनिवार

काल-आज मिळून एकोणीस पेट्यांची ऑटोची वायर कापली. शेतात जायचं, पेटी उघडायची, पक्कड लावायची. मालक असला तर सांगायचं, नसला तर चिठ्ठी.

बहुतेकांनी कापू दिली. दाजींचं गावभर झालंय. माणिकनं अडवलं. नदीकडचा माणिक, माझ्याच वर्गातला.

"माझा ऊस वाळंल. ऑटो राहू दे."

"हात जाईल."

"मी घालतच न्हाई हात. फोन तू विकलास, पेटी तू बसवलीस. तुझ्या दाजीचा हात गेला म्हणून आमची मोटार बंद?"

मी त्याला बाजूला सारून पेटी उघडली. त्यानं फावड्याचा दांडा पाठीत घातला. मी वळलो आणि पक्कडीसकट मुठीनं त्याच्या तोंडावर. दोघं पाटात पडलो, माझं कपाळ दगडावर आपटलं. चिखलात एकमेकाचं नरडं धरून. त्याचा दात माझ्या मनगटात घुसला. मी त्याचं डोकं पाण्यात दाबून धरलं. किती वेळ, ठाऊक न्हाई. बुडबुडे बघत होतो. मग सोडलं.

तो खोकत बसला. मी उठून वायर कापली. त्यानं बघितलं, अडवलं न्हाई. माझ्या कपाळाला चार टाके. त्याच्या ओठाला दोन.

दाबून धरलं तेव्हा मला माणिक दिसतच नव्हता. ते वीस मिनिटांचं बासरीवालं गाणं ऐकू यायलतं.

२१ जानेवारी, बुधवार

दाजींना घरी आणलं. सकाळी गेलो. ते पूजेला बसलेले. आमच्यात गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं पूजा करायची. पोरवयापासून रोजची सवय. दाजींनी डाव्या तळहातावर लिंग घेतलं, आणि तसेच बसले. उजवीकडचा पांढरा बोळा आपोआप पुढं आला, मग मागं गेला.

अक्का स्वयंपाकघरातून उठून आली. तिनं पाणी वाहिलं, विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं. दाजी डोळे मिटून होते. बराच वेळ मिटून होते.

 पूजा झाल्या झाल्या अक्काला सांगितलं. "मला आठ तारखेलाच कळलं होतं. दाजी दहा तारखेला दुकानावर आलते. मी सांगितलं न्हाई. दुकान बसंल म्हणून सांगितलं न्हाई."

अक्कानं हातातला तांब्या फेकून मारला. कपाळावरचे टाके उसवले. मग जवळ येऊन दोन्ही हातांनी मारायली. तोंडावर, छातीवर, जिथं लागंल तिथं. लहानपणी विहिरीत उतरलो होतो तेव्हा मारलं होतं तसं. मी हात वर केले न्हाईत. रक्त तिच्याच साडीला लागत होतं.

दाजी म्हणले, "बास कर. त्यालाबी जखम हाय."

अक्का म्हणली, "असू दे."

२७ जानेवारी, मंगळवार

कंपनीचा साहेब आला. संभाजीनगरहून, गाडी करून. तिशीचा असंल. घामेजला होता, पण बोलणं तयार. खुर्चीवर बसला, म्हणला, "झालं ते फार वाईट झालं. आपण आधी तांत्रिक बाजू समजून घेऊ." खिशातून फोन काढला. ॲप उघडलं. "हे पाहा, उत्तर आलं नाही तर इथे लाल सूचना येते. आमच्या बाजूने सुरक्षिततेची पूर्ण काळजी घेतलेली आहे."

मी फोनकडं बघितलं. दुसऱ्या कंपनीचा फोन.

"साहेब, तुमचा कुठंय? आपल्या कंपनीचा?"

"माझा... तो ऑफिसात असतो."

"ह्याच्यावर का दाखवायलात?"

खरं बोलला बिचारा. म्हणला, "त्याच्यावर ॲप नीट चालत नाही हो. आम्ही सगळे ऑफिसात हाच वापरतो. आमच्या फोनवर काम करायला आता माणसंच ठेवली नाहीत."

मी टेबलावरून त्याच्या अंगावर गेलो. खुर्चीसकट खाली पाडला. नाकावर मुठी घातल्या, दोन का तीन. नाक मोडल्याचं हाताला कळतं, वाळकी शेंग मोडावी तसं. तो "सर, सर" म्हणत होता. त्याचा उजवा हात धरून बाकड्यावर आडवा केला आणि वाइंडिंगचा लाकडी हातोडा उचलला. तो ओरडला तेव्हा मला थांबता आलं असतं. उमा मागून ओढत होती, शर्ट फाटला. मी मारला. दोन बोटं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? कितीतरी दिवसांनी पोटभर बरं वाटलं. मग त्यानं मोडक्या बोटांनीच फोन शोधायला सुरुवात केली, आणि मला तिथंच ओकारी झाली.

मीच गाडीत घालून दवाखान्यात नेला. वाटेत तो म्हणला, "मी तीनदा वर लिहून दिलं होतं. माझंही कुणी ऐकत नाही." मी गाडी चालवत राहिलो. 

३० जानेवारी, शुक्रवार

तीन दिवस कोठडीत. आज जामिनावर सुटलो. उमानं एकटीनं सगळी धावपळ केली. घरी येताना म्हणली, "हात उचलायच्या आधी एकदा लोकांना सांगायला तोंड उचललं असतं तर." वाक्य पुरं केलं न्हाई. पुरं करायची गरजबी नव्हती.

गावातल्या सगळ्या फोनवर काल कं.चा निरोप आलाय. 'पुढील महिन्यापासून या फोनवर ही सेवा उपलब्ध राहणार नाही. अखंड सेवेसाठी कृपया अन्य कंपनीच्या फोनचा वापर करावा.' खाली आभार मानलेत. एवढं सगळं झालं तरी दुरुस्त करायचं सुचलं न्हाई, सोडून द्यायचं सुचलं.

माणिक घरी येऊन गेला. टाके बघितले, चहा प्याला. म्हणला, उरलेल्या पेट्यांच्या वायरी त्यानं आणि दोघांनी मिळून कापल्या. त्याचा ऊस? म्हणला, जातो सायकलवर, मोटार चालू करून येतो.

२ फेब्रुवारी, सोमवार

कं.चा वकील. सरपंचाच्या ओसरीवर बैठक. मला बोलायची मनाई, वकिलानं आधीच सांगितलं.

कागद दाजींसाठी हाय. त्यात तीन गोष्टी. पंपाच्या पेटीवर कुट्टी जोडली ती चूक. फ्यूज न काढता हात घातला ती चूक. फोनवर काय दिसत होतं ते नक्की आठवत न्हाई. दाजींनी सही केली की साहेब माझ्याविरुद्धची तक्रार मागं घेणार. न्हाई केली तर माझी केस चालणार. वकील म्हणला, बोटं मोडलीत, लवकर सुटका न्हाई.

पहिल्या दोन गोष्टी खऱ्याच हायत. कुट्टी मी जोडली, फ्यूज दाजींनी काढला न्हाई. तिसरी खोटी. आणि सगळं त्या तिसरीतच हाय. तो फोन दाजींनी पिशवीत बांधून ठेवलाय, कोर्टात दाखवायला. वकिलाची नजर सारखी त्या पिशवीवर.

माझ्या मुठीनं कंपनीचं काम करून दिलं. नसतं मारलं, तर हा वकील हात जोडून आला असता.

दाजी एवढंच म्हणले, "शनिवारी सांगतो."

४ फेब्रुवारी, बुधवार

अक्का दुकानावर आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. बसली न्हाई. म्हणली, "सही करायला सांगणार हाय मी त्यांना. हात तर येत न्हाई आता परत. भाऊ तरी राहील."

म्हणलं, "अक्का, नको. मी जातो आत. मी केलंय."

"तुला विचारलं का? तू बोलायचं ते दहा तारखेला होतं."

गेली. डोक्यावरचा पदर सारखा करत गेली. मी तिथंच मोटार उघडून बसलो, दिवसभर तारेचा एक वेढा घातला न्हाई.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी दाजींकडं गेलो. ठरवून गेलो होतो, पाय धरायचे आणि सांगायचं, सही करू नका.

दाजी ओसरीवर. पुढ्यात जुन्या कॅलेंडरचं पान उलटं टाकलेलं. डाव्या हातात पेन. नाव लिहायलेत. 'महारुद्र' मधला 'द्र' जमेना, खाली घसरायलाय. पानभर झालंय. काही ठिकाणी कागद फाटलाय.

मी म्हणलं, "बँकेसाठी का?"

"उद्यासाठी."

मी सगळं बोललो. केस होऊ द्या, मी भोगतो. फोन तुमच्याकडं हाय, कोर्टात हिरवं दाखवा. खोटं लिहून देऊ नका. अजून कुणाकुणाचे हात ह्यांच्या फोनच्या भरवशावर हायत, दुसऱ्या गावात, दुसऱ्या जिल्ह्यात, आपल्याला ठाऊक न्हाईत. बोलताना रडायलो होतो, लाज वाटली न्हाई.

दाजींनी ऐकलं. पेन खाली ठेवलं न्हाई.

"आठवत न्हाई म्हणून लिहायचंय," म्हणले. "झोपेत बी दिसतंय मला ते हिरवं. तुझी बहीण म्हणते सही करा. तू म्हणतोस नको. माझं अजून ठरलं न्हाई. रात्रभर हाय."

मग म्हणले, "पण करायचीच झाली, तर त्या वकिलासमोर अंगठा लावणार न्हाई मी. सातवी झालीय माझी."

पुन्हा लिहायला लागले. दुसरा हात दाबायला न्हाई, त्यामुळं पान पेनासंगं सरकायलतं. दोनदा सरकलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बसलाच हायस तर धर की कागद."

मी दोन्ही हातांनी कागद धरला. त्यांनी नाव लिहिलं. 'द्र' या वेळी ओळीत बसला. त्याच्याखाली अजून एकदा लिहिलं. अक्का आतून चहा घेऊन आली, कपबशी ठेवली, आणि आमच्या शेजारी बसली.